भोकावरचे टाके

१

टिक्.

बटण फरशीवर पडलं, घरंगळत गेलं आणि कपाटाखाली दिसेनासं झालं. सकाळी घरात इतकं सामसूम होतं की तेवढ्या आवाजानंही मी दचकले. माझी लेक दूध प्यायची थांबली.

"आई, पळालं!"

"पळू दे. दुसरं लावते."

"ते कंटाळलं असेल माझ्या कोटाला."

ती पोटावर झोपून कपाटाखाली बघू लागली आणि गुणगुणू लागली. काहीही करताना ती गुणगुणते, म्हणून आम्ही तिला भुंगा म्हणतो. वय पावणेसात. ती माझ्या पोटची नाही, हे तिलाही माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी ती मला सापडली. लहानपणी झोपताना गोष्ट म्हणून तिला तेवढंच हवं असायचं.

मी दोरा ओवत होते तोच फोन वाजला. आमच्या संग्रहालयाचे प्रमुख. गळ्यात कायम भिंग लटकवलेलं असतं, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात.

"धाकटे, हातातलं ठेव आणि निघ."

"भुंगाला शाळेत सोडते आणि..."

"सोड आणि धावत ये. आणि वाटेत कुणाशी बोलू नकोस."

गेली अकरा वर्षं मी त्यांच्याकडे जुन्या कपड्यांची दुरुस्ती करते. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

फोटोच्या खोलीत पोचले तेव्हा पडदे ओढलेले होते. टेबलावर ते दुपटं पसरलं होतं, तान्ह्या बाळाला गुंडाळायचं, दोनशे वर्षांपूर्वीचं. आमचं संग्रहालय ज्या घरात आहे ते घर तेव्हा एका नकाशे काढणाऱ्याचं होतं. त्याच्या भावाच्या वंशजांनी तीन महिन्यांपूर्वी एक बंद पेटी आम्हाला दिली, त्यातच हे दुपटं होतं. गेले पंधरा दिवस ते माझ्या हाताखाली होतं. मी फक्त त्यावरची धूळ काढली होती, बाकी कशाला हात लावला नव्हता.

"लाव रे दिवा," भिंगकाका म्हणाले.

फोटोवाल्याने जांभळा दिवा लावला. जुनं सुती कापड त्या उजेडात मळकट दिसतं, तसंच ते दिसलं. पण एका बाजूची वीतभर शिवण निळसर पांढरी झगमगली. अंधारात कुणी खडूने रेघ ओढावी तशी.

असा चमकतो तो आजचा दोरा. कारखान्यातला, पॉलिस्टरचा. दोनशे वर्षांपूर्वी तो जगात कुठेच नव्हता.

"कुणीतरी हे उसवलंय, आतलं काहीतरी काढलंय आणि परत शिवून ठेवलंय," भिंगकाका म्हणाले. "आणि इकडे ये, शिवण संपते ती गाठ बघ." त्यांनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. "ओळखतेस?"

मी वाकून पाहिलं.

गाठ माझी होती. आणि मी ती मारलेली नव्हती.

२

आमच्या आईच्या उजव्या हाताचा अंगठा तरुणपणी मशीनखाली सापडून आखडला होता. अंगठ्याने दोरा दाबता येत नाही, म्हणून ती सुईभोवती उलटे तीन वेढे घ्यायची आणि करंगळीशेजारच्या बोटाने ओढायची. गाठ डावीकडे कलायची आणि तिच्या पोटाखाली एक बारीक फास उरायचा. ताई आणि मी तिच्याकडूनच शिकलो. आमचे अंगठे धडधाकट, तरी आम्ही ते बाजूला ठेवून उलटे वेढे घ्यायचो. गाठ अशीच मारतात असं आम्हाला वाटायचं. आम्ही दोघी इथे संग्रहालयात कामाला लागल्यावर भिंगकाका पोट धरून हसले होते. "अगं, दोघींना अंगठे दिलेत ना देवाने?" पण हाताला लागलेलं वळण सुटलं नाही.

आई गेली. म्हणजे तशी गाठ मारणाऱ्या जगात दोघीच उरल्या, ताई आणि मी. आणि ताई आठ वर्षांपूर्वी नाहीशी झाली.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. कशावरून, तर आईची कात्री कुणाकडे राहायची यावरून. मी म्हणाले, "घे तूच. आणि जा. मला तुझी काही गरज नाही." दुपारी ती संग्रहालयाच्या तळघरातल्या कोठीत उतरली. कोठी गार असते, आम्ही तिथेच डबा खायचो. मी रागाने त्या दिवशी गेले नाही. संध्याकाळी कोठीत तिच्या चपला आणि न उघडलेला डबा मिळाला. दार आतून बंद होतं. तोडून उघडावं लागलं. अंगावरच्या एप्रनसकट ती गेली होती, आणि एप्रनच्या खिशातल्या सुईदोऱ्याच्या डबीसकट.

पळून गेली असेल, असं सगळे म्हणाले. बंद दारातून कशी, ते कुणी सांगितलं नाही.

"मी नाही केलं हे," मी भिंगकाकांना म्हणाले.

"मग कुणी?"

"तीन महिन्यांपूर्वीपर्यंत पेटी बंद होती ना?"

"लाखेच्या मोहोरेसकट. मी स्वतः फोडली."

"मग गेल्या तीन महिन्यांत..." आणि माझं वाक्य तिथेच अडकलं. मी नसेन, तर उरली एकच.

भिंगकाकांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. ते खुर्चीवर टेकले. "मला आज चारपर्यंत वर कळवायचंय, पोरी. वस्तू बिघडवली म्हणून तुझं नाव जाईल. दुसरं काही असेल तर चारच्या आत सांग."

नोकरीचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. ताई जिवंत आहे. या तीन महिन्यांत ती या इमारतीत येऊन गेली, माझ्या टेबलापाशी बसून शिवून गेली, आणि मला न भेटता गेली.

३

आधी मी फोटोवाल्याला धरलं.

"तुझ्याकडे दुपटं किती वेळा आलं?"

"दोनदा. पेटी उघडली त्या दिवशी आणि आज. शपथ घेऊ का?"

"पहिल्यांदा जांभळा दिवा लावला होतास?"

"कोण लावतो? आज भिंगकाका मागे लागले म्हणून." तो कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. "खरं सांगू? मला सुईत दोरा ओवता येत नाही. बायको माझी बटणं लावते आणि वर ऐकवते."

त्याने पेटी उघडली त्या दिवशीचा फोटो काढून दाखवला. मी मोठा करून पाहिला. शिवणीच्या टोकाला तीच गाठ होती, डावीकडे कललेली. म्हणजे मोहोर फोडली तेव्हाच ती तिथे होती!

"मग शिवलं कधी?" फोटोवाला म्हणाला.

उरल्या वहीबाई. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद त्या ठेवतात. साठीच्या, मऊ आवाजाच्या. देणाऱ्यांच्या यादीत दुपट्याखाली लिहिलं होतं, 'नकाशेवाल्याची दैनंदिनी, एक'. आणि दैनंदिनी पेटीत नव्हतीच, अशी नोंद वहीबाईंनीच केली होती.

"यादी चुकली असेल गं त्यांची," त्या म्हणाल्या. "जुनी घरं, जुनी माणसं. तू जिवाला लावून घेऊ नकोस. चहा पितेस?"

"नको. वहीबाई, त्या दुपट्यावर कोपऱ्यात काळा डाग आहे ना, शिवणीवरच. तो कसला असेल हो?"

"शाईचा. बिचारीच्याच कोपराने बाटली कलंडली, आणि वर धुऊही देईना."

त्या बोलून गेल्या आणि चहाचा कप ओठापाशी तसाच राहिला.

"शाईचा, हे कुणीही सांगेल," मी म्हणाले. "पण बाटली तिच्या कोपराने पडली की त्याच्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

वहीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी खुर्चीवरची उशी उचलली. खाली कापडात गुंडाळलेली एक चोपडी होती.

"चोरली नाही गं मी. नोंद केली असती की ती कपाटात गेली असती, मग परवानगी, मग हातमोजे. मला फक्त वाचून संपवायची होती." त्यांनी पदराने डोळे टिपले. "मला इतकं प्रेमाने कुणी कधी काही लिहिलं नाही. लिहिलं ते दुसरीला, तर तेच वाचलं."

मी चोपडीला हात घातला. त्यांनी ती घट्ट धरून ठेवली.

"आधी दुपटं नीट बघून ये," त्या म्हणाल्या. "तो डाग बघ. नाहीतर वाचून तुला वाटेल की म्हातारीने स्वतःच लिहिलंय हे."

४

त्या काळची काळी शाई लोखंडापासून करत. कापडावर सांडली की ती तिथेच बसून कापड खाते, सावकाश. ओलं असताना काही कळत नाही. शे-दीडशे वर्षांनी तिथे जाळी होते आणि मग भोक.

दुपट्याच्या कोपऱ्यात तशीच जाळी होती. मी भिंग लावलं. धूळ काढताना मी त्या भागाला मुद्दाम ब्रशही लावला नव्हता, झडून जाईल या भीतीने. म्हणून नीट पाहिलंही नव्हतं.

आता पाहिलं.

चमकणारी शिवण सरळ डागातून जात होती. डागाच्या मधोमध कापड नव्हतंच, बोटभर भोक होतं. आणि त्या भोकावरून शिवण तशीच पुढे गेली होती. पाच टाके, कशालाही न धरता, पोकळीत, झोपाळ्याच्या दोरीसारखे लोंबत होते.

मी श्वास रोखून दुसऱ्यांदा मोजले. पाचच.

"भिंगकाका, या इकडे. हवेत टाका घालता येतो का?"

"काय बोलतेस?"

"भोकावर टाका घालता येत नाही. सुई कशातून काढणार? हे टाके घातले तेव्हा इथे कापड होतं. मग शाई सांडली, कापड खाल्लं गेलं. पॉलिस्टरला ती शाई काही करत नाही, म्हणून दोरा तेवढा उरला." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "शाई पडायच्या आधीची शिवण आहे ही. डागाच्या कडेला दोरा जरासा सरकवून बघा, त्याच्याखाली कापड फिकं आहे. दोऱ्याने तेवढं झाकलं होतं."

त्यांनी माझ्या हातातून भिंग घेतलं. बराच वेळ वाकून राहिले. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"असं भोक पडायला निदान शंभर वर्षं लागतात," ते म्हणाले. "आणि हा दोरा निघाला त्याला पन्नास-साठ झाली असतील."

"हो."

"मग कसं शक्य आहे?"

"शक्य नाही. पण टाके समोर आहेत. आणि गाठ आमच्या आईची आहे."

५

वहीबाई चोपडी वाचू लागल्या. बारीक, कोरीव अक्षर होतं. त्यांना सवय झाली होती, माझ्या डोळ्यांसमोर सगळं पुसट होत होतं.

"'आज तळघरात नकाशांच्या पेटाऱ्यामागे एक बाई सापडली. चोर म्हणावं तर पायात काही नाही, हातात काही नाही. मलाच ओरडली, दार उघड म्हणून. मी उघडलं. बाहेरची गल्ली पाहून ती परत आत आली आणि जमिनीवर बसली.'"

काही पानं उलटली.

"'तिने माझ्या कोटाचं अस्तर न विचारता उसवलं. म्हणाली, हे ज्याने शिवलं त्याला तुरुंगात टाका. मी सांगितलं की मीच शिवलं. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.'"

भिंगकाकांच्या तोंडून नकळत हुंकार निघाला. आमची ताईच ती. शेजाऱ्यांचे पडदेसुद्धा ती अशीच उसवायची.

"'ती अजून येणाऱ्या काळातली आहे, हे मला आता पटलं आहे. रोज दुपारी ती कोठीत जाऊन बसते, परत जाता येईल म्हणून. मी दाराबाहेर बसतो. आत गेलेली बाहेर आली की माझा जीव खाली पडतो. आज तिने विचारलं, तुम्ही रोज इथे काय करता? मी म्हटलं, नकाशा काढतो. तुम्ही जाल तिथला रस्ता मला माहीत नाही, म्हणून इथूनच सुरुवात करतो.'"

"लग्न पुढच्याच पानावर आहे," वहीबाई नाक ओढत म्हणाल्या. "मग मुलगी. ती तिथे येऊन दोन वर्षं झाली, मुलगी आठ महिन्यांची झाली आणि गावात घशाचा आजार आला. गल्लीतली दोन पोरं गेली."

सहा वर्षांपूर्वी कोठीत मला भुंगा सापडली तेव्हा तिचा घसा सुजला होता. दुपारी डबा घेऊन खाली उतरले, तर फरशीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ, तापाने फणफणलेलं. डॉक्टरीणबाईंनी घशातला पांढरा पापुद्रा पाहून दोनदा चष्मा पुसला होता. "हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय. हल्ली याची लस प्रत्येक बाळाला मिळते. हिला कुठल्या रानात ठेवलं होतं?" भुंगा वाचली. तिला शोधत कधीच कुणी आलं नाही.

"पुढचं वाचा," मी म्हणाले.

"'ती म्हणते, तिच्या काळात यावर औषध आहे. आम्ही तिघं चार दिवस कोठीत बसून आहोत. दुपटं जड होतं म्हणून तिने ते उसवलं, मधलं मऊ कापड कापून काढलं आणि मुलीला त्यात गुंडाळलं. मी विचारलं, मुलगी एकटीच तिकडे पोचली तर? ती म्हणाली, तिथे माझी धाकटी बहीण आहे. रोज दुपारी ती त्याच खोलीत येते. भांडलेली असली तरी येईल. तीच उचलेल.'"

वहीबाईंनी माझा हात धरला आणि उरलेलं घाईघाईने वाचलं, जखमेवरची पट्टी झटक्यात ओढावी तसं.

"'पाचव्या दिवशी मी पाणी आणायला उठलो. वळून पाहिलं तर तिचे हात तसेच होते, बाळ धरल्यासारखे. त्यांत बाळ नव्हतं. खोलीने मुलीला नेलं, तिला नाही.' आणि मग महिन्याने, 'तिने आज दुपटं पुन्हा शिवलं, तिच्याकडच्या दोऱ्याने, होता तेवढा संपवून. मांडीवर घेऊन माझ्या टेबलाशी बसली होती, तिच्या कोपराने शाई कलंडली. धुऊ देत नाही. म्हणते, वास जाईल.'"

ताईला वाटलं होतं मी रोज दुपारी कोठीत येत असेन. ती नाहीशी झाली त्या दिवसापासून मी खरंच रोज जात होते, तिला सॉरी म्हणायला.

"अजून बरीच पानं आहेत," वहीबाई म्हणाल्या.

"आज नको."

६

पुरावा माझ्या घरी होता. भुंगाचं ते कापड मी कधी टाकलं नव्हतं. रिक्षा करून घरी गेले, कपाटातून कापड काढलं, येताना शाळेतून भुंगाला घेतलं. तिला घरी एकटीला कशी ठेवणार?

साडेतीनला आम्ही फोटोच्या खोलीत पोचलो. फोटोवाला, वहीबाई, भिंगकाका टेबलाभोवती उभे होते, दवाखान्याच्या बाहेर नातेवाईक उभे राहतात तसे. भुंगाला स्टुलावर बसवलं.

"हात लावायचा नाही हं."

"डोळे लावू?"

"डोळे लाव."

मी कापड पसरलं. साध्या विणीचं, तीन कडांना एकेक निळा धागा. चौथी कड कात्रीने कापलेली, आणि कापताना मध्ये एकदा हात हलल्यामुळे तिथे पायरीसारखी खाच. मग चिमट्याने दुपट्याची जुनी शिवण जराशी वर उचलली. दोन थरांच्या मध्ये, टाक्यांत अडकून राहिलेली बोटभर रुंदीची एक पट्टी होती. तिच्या बाहेरच्या कडेला निळा धागा. मी कापड तिच्याजवळ सरकवलं.

खाच खाचेत बसली.

फोटोवाला "आईगं" म्हणाला आणि त्याने फोटो काढलाच नाही. वहीबाई भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. भिंगकाकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग टेबलावरचा अर्धवट लिहिलेला कागद उचलून खिशात कोंबला.

"वर काय कळवू?" त्यांनी विचारलं. "चोर नाही, चोरी नाही. उसवलं आईने, शिवलं आईने. कुणाची मुलगी, तेही..." ते भुंगाकडे पाहून थांबले.

सकाळपासून मी ताईला शोधत होते आणि ती सापडली होती. पण जिची ही लेक, तिचं नाव असं टेबलावर आल्यावर मी हिची कोण? ताईने मला मूल दिलं होतं की फक्त सांभाळायला सोपवलं होतं?

भुंगाचं गुणगुणणं थांबलं होतं. मुलांना कळतं ते कसं कळतं, कोण जाणे.

"आई, हे माझंच कापड ना? सापडले तेव्हाचं?"

"हो."

"आणि हे दुपटं त्याच्याच बाजूचं?"

"हो, राणी. हे तुझ्यासाठी केलं होतं. तुझी एक आई होती, मी येण्याआधीची. माझी ताई. तुला खूप ताप होता आणि तिच्याकडे औषध नव्हतं. म्हणून तिने तुला माझ्याकडे पाठवलं."

"एकटीला?"

"तिलाही यायचं होतं. तिला येता आलं नाही."

भुंगा स्टुलावरून उतरली. हात पाठीमागे बांधून, शिकवल्यासारखं, नाक दुपट्याजवळ नेऊन तिने वास घेतला. शाईच्या डागाकडे पाहिलं. पाच लोंबते टाके एकेक करून मोजले, ओठ हलवत.

"लांब राहते?"

"खूप लांब. खूप खूप आधी."

"आधी म्हणजे काल?"

"त्याच्याही आधी. भिंगकाकांच्या पणजोबांच्याही आधी."

तिने भिंगकाकांकडे नीट बघून घेतलं, जणू ते किती जुने आहेत याचा अंदाज घेत होती. ते हसायचा प्रयत्न करत होते. मला ताईची दोन वर्षं आठवली. तिकडे दोन गेली तेव्हा इकडेही दोनच गेली होती. मग नंतरची सहा? दोन्हीकडे घड्याळ सारखंच चालत असेल तर पावणेचार तिकडेही वाजायला आले होते. कोठी आमच्या पायाखाली होती, एक जिना खाली.

भुंगाने माझं बोट धरलं.

"आई, मग ती आत्ता काय करतेय?"